डास गच्चीवर, भराव खाडीत

खाडीकाठच्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा घ्या. पार्किंग, गळती आणि लिफ्टचा देखभाल खर्च यांवरची भांडणे आटोपली की मागच्या रांगेतून एक हात हमखास वर होतो. समोरच्या दलदलीचे काय करायचे? दिवेलागणीला खिडकी उघडायची सोय नाही, डास नुसते फोडून काढतात. लगेच ठराव होतो, पालिकेला पत्र जाते आणि त्यातले शेवटचे वाक्य ठरलेले असते : सदर डबके भराव टाकून बुजवण्यात यावे, ही विनंती. फ्लॅट घेताना याच डबक्याला ‘खाडीचा नजारा’ म्हणत चौरस फुटामागे जादा पैसे मोजलेले असतात. ते आता कुणाला आठवत नाही.

सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांनी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीचे झाकण पाहिले असेल? ते बहुधा तडकलेले असते, नाहीतर कुणीतरी बाजूला सरकवून ठेवलेले. आत मोबाइलचा उजेड पाडला तर पाण्याच्या पृष्ठभागालगत आडव्या पडलेल्या बारीक अळ्या दिसतात. सावली पडताच झटके देत मागे सरकतात आणि तळाकडे जातात. आडवी पडते ती अ‍ॅनोफिलीसची, म्हणजे मलेरियाच्या डासाची अळी. डोके खाली आणि शेपटीकडची नळी वर करून लोंबकळते ती एडिसची किंवा क्युलेक्सची. पालिकेच्या कीटकनाशक विभागातला मुरलेला कर्मचारी पळीभर पाणी पाहून हे सांगतो. ‘आमच्या टाकीत डास कसे असतील, पाणी तर स्वच्छ आहे,’ हे उत्तर त्याने आयुष्यभर ऐकलेले असते. स्टीफेन्सी या शहरी अ‍ॅनोफिलीसला स्वच्छच पाणी लागते, हेच लोकांच्या पचनी पडत नाही.

शहरात माणसाला आजारी पाडणारे डास मुख्यतः तीन. टाकी, विहीर आणि बांधकामावर साचवलेले पाणी यांत वाढणारा स्टीफेन्सी. कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गाडीचा जुना टायर, ताडपत्रीच्या घडीतले पाणी यांवर जगणारा, डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस इजिप्ती. तिसरा क्युलेक्स. त्याला गटार, सेप्टिक टँक आणि सांडपाण्याचा नाला लागतो आणि हत्तीरोगाशी त्याचे जुने नाते आहे. एडिस तर जिथे जन्मतो तिथून सहसा दोन-चारशे मीटरच्या पलीकडे जात नाही. डेंगीचा रुग्ण सापडला की आरोग्यसेवक आधी शेजारपाजारची घरे तपासतात, ते यासाठीच. खाडीकडून येतात असे वाटणारे डासही बऱ्याचदा खाडीत सोडलेल्या नाल्यातले असतात.

आणखी एक गंमत. तळ्याकाठी संध्याकाळी डोक्यावर जे थवेच्या थवे घोंघावतात, ट्यूबलाइटभोवती गोळा होऊन सकाळी भिंतीखाली मरून पडतात, त्यांतले कितीतरी डास नसतातच. ती न चावणारी चिलटे. त्यांना रक्त शोषायची सोंडच नसते. त्यांच्या तांबड्या अळ्या चिखलात राहतात आणि त्या चिखलासाठीच तर चिखल्या, तुतवार हे पक्षी हजारो किलोमीटर उडून येतात. गुन्हा एकाचा, बदनामी दुसऱ्याची.

दलदल म्हणजे रोग ही समजूत डासाच्या शोधाहूनही जुनी आहे. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. पाणथळीतून दूषित वाफ उठते आणि तिने ताप येतो, असे वैद्यकातले पंडित मानत. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी पाहिले आणि त्या वाफेचा निकाल लागला. शास्त्रापुरता. सोसायटीच्या सभेत ती अजून उठते आहे.

मुंबईचा पुरावा तर घरचाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रा डॉकचे, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकचे, काम चालू असताना गोदी आणि फोर्टच्या भागात हिवतापाने थैमान घातले. चौकशीसाठी डॉ. सी. ए. बेंटली यांना नेमण्यात आले. त्यांचा अहवाल १९११ चा. शहराच्या सखल, दलदलीच्या भागांपेक्षा फोर्टसारख्या प्रतिष्ठित वस्तीत ताप का, या कोड्याचे उत्तर त्यांना अंगणात सापडले : घरोघरच्या विहिरी आणि हौद. नळाचे पाणी आले होते, तरी विहिरी होत्याच. वापर कमी झालेल्या, उघड्या, आणि स्टीफेन्सीला हव्या तशा. विहिरी बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा झाका, असे त्यांनी सांगितले.

यानंतर जे घडले ते आरोग्याच्या इतिहासापेक्षा लोकसंस्कृतीच्या इतिहासात शोभणारे आहे. पालिकेच्या नोटिसा गेल्या आणि पालिकेकडे अर्जांचा ढीग लागला. विहिरीत देवता आहे, विहिरीत पीर आहे, विहिरीचा राखणदार कोपेल, पूजेला विहिरीचेच पाणी लागते. पारशी, हिंदू सगळेच तक्रारदार. हे अर्ज ज्यांच्या टेबलावरून जात ते पालिकेचे चिटणीस रुस्तम मसानी विद्वान गृहस्थ होते. त्यांनी फायली नुसत्या निकालात न काढता त्यांतून विहिरींच्या लोककथांवर एक पुस्तकच लिहिले. ते १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मसानी मुंबईचे पहिले भारतीय पालिका आयुक्त झाले. सरकारी फायलीतून असे पुस्तक निघाल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

बऱ्याच विहिरी बुजल्या. काहींना जाळीची झडप बसवून धर्मकार्यापुरते पाणी काढायची मुभा मिळाली. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर टिकली. १७२५ साली भिखाजी बेहरामजी या पारशी व्यापाऱ्याने ती खोदली. मुंबईकडे येताना मराठ्यांच्या शिपायांनी त्याला भलत्याच संशयावरून अडकवले, सदरा-कुस्ती दाखवून त्याने आपले पारशीपण सिद्ध केले, आणि सुटल्याच्या कृतज्ञतेपोटी ही विहीर बांधली, अशी कथा सांगतात. समुद्राच्या इतक्या जवळ असूनही पाणी गोडे. त्या काळच्या मुंबईकराला पाणी आणि आरोग्य यांत घासाघीस करता आली, झाकणावर तडजोड करता आली. आजचा मुंबईकर खाडीच्या बाजूने एक अर्जही करत नाही. त्याचे सगळे अर्ज उलट दिशेने जातात.

ज्या शहराच्या पत्त्यातच पाणी आहे, तिथे हे घडते. पायधुनी म्हणजे जिथे खाडीच्या पाण्यात पाय धुऊन पुढे जायचे ती जागा. उमरखाडी, खार, धोबीतलाव, सी. पी. टँक. कुर्ल्याचे नाव तिथल्या कुर्ल्यांवरून, म्हणजे खेकड्यांवरून पडले असे मानतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळी आणि महालक्ष्मीमधले खिंडार बांधाने बंद झाले, तेव्हा दैवी दृष्टान्तानंतर समुद्रातून महालक्ष्मीची मूर्ती निघाली, अशी आख्यायिका आहे. मुंबई भरावावरच उभी आहे, हे मान्य. म्हणून उरलेलेही भरायचे, हा न्याय मात्र विचित्र आहे.

या न्यायाचे मूळ सातबाऱ्यात आहे. जे पिकत नाही, ज्यावर आकार बसत नाही, ते पोटखराबा. दलदल पोटखराबा, खाजण पोटखराबा, खडक पोटखराबा. महसुलाच्या दृष्टीने शब्द चोख आहे. पण त्या खराब्याच्या पोटात काय आहे, हे कोळणीला विचारावे. ओहोट लागली की ठाणे खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून ती खुबे, शिंपल्या, कालवे गोळा करते. हात कोपरापर्यंत चिखलात, नजर चिंबोरीच्या बिळावर. आजूबाजूला निवट्या टुणटुण उड्या मारत असतात. कोलंबीची पिल्ले तिवरांच्या मुळांत वाढतात आणि मग समुद्रात जातात. ही खाडी २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, सुमारे साडेसहा हजार हेक्टर. त्याआधी २०१५ मध्ये तिचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला होता. फ्लेमिंगोमुळे खाडीला प्रतिष्ठा मिळाली, फोटो मिळाले, बोटीची सफर मिळाली. कोळणीला कुणी रामसर म्हणत नाही. असो.

डासांचा प्रश्न पाणी असण्याचा नाही, पाणी अडण्याचा आहे. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठवडा-दहा दिवस लागतात आणि तेवढे दिवस पाणी स्थिर हवे. खाडीत भरती दिवसातून दोनदा येते आणि अळ्या उलथून नेते. भरतीबरोबर आलेले मासे उरल्यासुरल्या खातात. खाऱ्या पाण्यात वाढणारे डास आहेत, नाही असे नाही. पण वाहत्या खाडीत त्यांची डाळ फारशी शिजत नाही. मग एक रस्ता येतो, त्याच्या भरावाखालचे पाइप राडारोड्याने तुंबतात, भरतीचे पाणी पलीकडे जाईनासे होते. मासे मरतात, तिवरे वाळतात, पावसाचे आणि गटाराचे पाणी साचून हिरवे होते. खाडीचे डबके आपण करतो आणि डबके आहे म्हणून बुजवतो. उरणजवळच्या पाणजे पाणथळीत भरतीचे पाणी अडवल्याच्या तक्रारी पक्षीप्रेमी वर्षानुवर्षे करत आले. पाणी आटले की पक्षी जातात. पक्षी गेले की ‘इथे पाणथळ होती कुठे?’ असे विचारायला मंडळी मोकळी.

नवी मुंबई आखताना डच पद्धतीचे धारण तलाव केले गेले. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी त्यात थोपवायचे, ओहोटीला दारे उघडून सोडायचे. कल्पना उत्तम होती. गाळ वेळेवर काढला गेला नाही, गाळात तिवरे उगवली, तिवरांना कायद्याचे संरक्षण, आणि आता गाळ काढायचा तरी न्यायालयाची परवानगी लागते. रहिवासी तिवरांना शिव्या देतात. देखभाल न करणाऱ्यांना त्या कमीच पोहोचतात.

पाणी हलते ठेवण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे नाही. गोव्याच्या खाजनात ती शतकानुशतके चालत आली आहे. नदीकाठी चिखल, गवत आणि दगडांचा बांद, त्यात एक मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने झडपा बंद होतात. ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. पावसाळ्यात आत कोरगुट भात, पीक निघाल्यावर मासे आणि कोलंबी. मानशीच्या तोंडाशी जाळे लावण्याचा हक्क लिलावाने जातो. ओहोटीची वेळ रात्री आली की कंदिलाच्या, आता बॅटरीच्या, उजेडात जाळ्यात उसळणारे मासे पाहणे हा एक सोहळाच. त्याच गोव्यात आषाढात माशेलच्या देवकीकृष्णाच्या अंगणात चिखल काला होतो, तेलाने माखलेली माणसे चिखलात लोळतात. चिखलाला ओंगळ न मानणारी ही संस्कृती आहे. पणजीत ऐंशीच्या दशकात मलेरियाची साथ पसरली, तेव्हा संशोधकांचे बोट खाजनाकडे वळले नाही. ते वळले नव्या इमारतींच्या बांधकामांकडे, तिथल्या टाक्यांकडे, पुन्हा त्याच स्टीफेन्सीकडे. बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्य कार्ड गोव्याने सक्तीचे केले, ते यातूनच.

पण पाणथळीचा कैवार घेताना सोयीस्कर विसरभोळेपणाही नको. भातखाचरातले क्युलेक्स जपानी मेंदूज्वर पसरवतात आणि पूर्व विदर्भाने ती भीती पाहिली आहे. गडचिरोलीच्या जंगलातल्या झऱ्या-ओहोळांत मलेरियाचे डास वाढतात आणि राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार तोच जिल्हा वाहतो. हिमालयाच्या पायथ्याची तराईची जंगले डासांनी राखली, असे काही निसर्गप्रेमी कौतुकाने सांगतात. थारूंसारख्या समाजांखेरीज कुणी तिथे टिकत नसे आणि १९५० नंतर डीडीटी आल्यावर जंगल हटून वसाहती झाल्या, हे खरेच आहे. मात्र डासांना जंगलाचे रक्षक म्हणण्याची चैन मच्छरदाणीत झोपणाऱ्यालाच परवडते. तापाने फणफणलेले पोर खांद्यावर घेऊन नदी ओलांडणाऱ्या माडिया बापाला ती ऐकवू नये.

या लढाईचे आकडेही बोलके आहेत. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. तेव्हा दलदली बुजवल्या नव्हत्या. घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले होते. मग ढिलाई आली, डास औषधाला सरावले, आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. पाणथळी तेव्हाही होत्या तेवढ्याच होत्या.

आता प्रश्न तो उरतो, जो कुणी गंभीरपणे विचारत नाही : डासाचा काही उपयोग आहे का? जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. रोग पसरवणाऱ्या त्यांतल्या मूठभर. चावते ती मादी, तीही अंड्यांसाठी. नर फुलांच्या मधावर जगतो. डासांच्या अळ्या पाण्यातले शेवाळ आणि सूक्ष्मजीव गाळून खातात, आणि त्या अळ्यांवर माशांची पिल्ले, बेडकांची काही पोरे, चतुर आणि टाचण्यांची पिल्ले पोसली जातात. वर उडणाऱ्या डासांना वटवाघळे, पाकोळ्या आणि मोठे चतुर टिपतात. एक डास तर असा आहे, टॉक्सोरिंकायटिस त्याचे नाव, की त्याची अळी इतर डासांच्या अळ्या खाते आणि मोठेपणी मादीही रक्ताला तोंड लावत नाही. भारतात तो आहे. पावसाळी डबक्यात वाढणारा पिवळसर चतुर पावसाळा संपता संपता वाऱ्यावर स्वार होऊन मालदीवमार्गे समुद्र ओलांडतो आणि आफ्रिकेपर्यंत पोचतो, असे संशोधक मानतात. म्हणजे गावाबाहेरच्या डबक्याचे धागे कुठल्या कुठे जातात.

आपण काय करतो? धूर फवारतो. रॉकेल-डिझेलच्या वासाचा तो पांढरा ढग गल्लीतून गेला की नगरसेवक खूश, रहिवासी खूश. उडणारे काही डास मरतात, अळ्या जशाच्या तशा, आणि डास खाणारे चतुरही त्या ढगातून वाचतातच असे नाही. डबक्यात परदेशी मासे सोडण्याचेही तसेच. मूळचा अमेरिकेचा, १९२८ मध्ये आपल्याकडे आलेला गॅम्बुसिया डासांच्या अळ्यांबरोबर देशी माशांची पिल्ले आणि बेडकांची पोरेही फस्त करतो. डोक्यावर रुपेरी ठिपका मिरवणारे आपले चिमुकले देशी मासे भातखाचरात, ओहोळात हेच काम बिनबोभाट करत होते. बंद टाकीत, हौदात गप्पी सोडा, हरकत नाही. नैसर्गिक तळ्यात मात्र पाहुणा नको.

विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली पट्ट्यात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव भातालाही पाणी देत आले आणि मासेमार ढिवरांनाही मासे व शिंगाडे. गोंदियाचे सारस पक्षी याच तलावांच्या आणि धानाच्या जोरावर तग धरून आहेत, जेमतेम काही डझन. मधल्या काळात तलावांत बेशरम ही वनस्पती माजली, गाळ भरला, देशी मासे नाहीसे होऊ लागले. अर्जुनी मोरगाव परिसरातल्या ढिवर बायांनी पाण्यात उतरून बेशरम उपटली, पाणवनस्पती पुन्हा लावल्या, कुठली वनस्पती कुठल्या माशाला आवडते हे जुन्या माणसांकडून विचारून घेतले. देशी मासे परत आले. त्यांच्याकडून शिकायला पालिकांच्या अभियंत्यांनी अर्जुनी मोरगावला एकदा जाऊन यावे. रेल्वे जाते.

कायदा आहे, पण त्याला भोके आहेत. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने नकाशात देशातल्या सव्वादोन हेक्टरांवरच्या दोन लाखांहून अधिक पाणथळी नोंदवल्या आणि त्यांना संरक्षण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या नव्या नियमांनी मिठागरे, भातखाचरे आणि पिण्याच्या किंवा सिंचनाच्या पाण्यासाठी केलेले तलाव पाणथळीच्या व्याख्येतून वगळले. म्हणजे मुंबईच्या मिठागरांवर आणि विदर्भाच्या मामा तलावांवर एकाच वाक्यात पाणी सोडले. मिठागरे पूर सोसतात, हे २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झेललेल्या शहराला नव्याने सांगायला नको होते.

राज्य सरकारने दोन गोष्टी कराव्यात. नकाशावरची प्रत्येक पाणथळ जागेवर जाऊन मोजावी आणि सातबाऱ्यावरची पोटखराब्याची नोंद बदलून पाणथळ असे लिहावे. आणि जिथे भरतीचे पाणी भरावाने अडले आहे तिथे पाइप मोकळे करावेत. भराव टाकण्याहून ते स्वस्तच पडेल. रहिवाशांना करायचे ते याहून सोपे आहे. येत्या रविवारी कोरडा दिवस पाळावा, कुंड्यांच्या बशा उपड्या कराव्यात, गच्चीवर चढून टाकीचे झाकण घट्ट बसते का ते पाहावे आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी बांधावी. खाडी बुजवण्याचा अर्ज त्यानंतर महिनाभराने लिहायला घ्यावा, तेव्हाही लिहावासा वाटला तर.